दोन फेऱ्यांची शिक्षा

रजनी,

तू गेल्यापासून शाळेची शिस्त बिघडली, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हापासून प्रार्थनेच्या रांगेत कुणाच्या कमरेला पट्टा नाही, कुणाच्या एका वेणीला रिबन नाही, कुणी बूट सोडून स्लीपर घालून उभं. "पीटीच्या मॅडम गेल्या आणि पोरं सुटलीच," असं ते स्टाफरूममध्ये म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहाच्या कपात बघत बसले. खरं काय ते त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं.

तुझी शोकसभाही झाली. तुझं गाव कोणतं, नोकरी किती वर्षं, खो-खोचे किती कप शाळेला मिळवून दिलेस, हे सगळं वाचून दाखवलं. ज्या बाईबद्दल चाललं होतं ती शांत, मनमिळाऊ आणि मृदुभाषी होती म्हणे. मृदुभाषी! तुझा आवाज पांडेसऱ्याच्या मिलच्या भोंग्याला मागं टाकायचा. तो शब्द ऐकून मागच्या रांगेतली नववीची पोरं फिसकन हसली. त्यांना दटावलं गेलं. मला मात्र त्या पोरांचे आभार मानावेसे वाटले, कारण सगळ्या कार्यक्रमात तेवढंच काय ते तुझ्यासारखं झालं.

आपलं पहिलं भांडण त्या आवाजावरूनच झालं होतं, आठवतं? मी कॉम्प्युटर शिकवणारी, नाशिकची, यांच्या बँकेच्या बदलीपायी सुरतेत आलेली. तू खानदेशातली, तरी मला पुणेरी म्हणायचीस. "नाशिक काय, पुणं काय, हळू बोलणाऱ्या बाया सगळ्या एकाच गावच्या." मी म्हटलं होतं, अगं, वयात आलेल्या मुली आहेत त्या. एका रिबनीसाठी भर मैदानात त्यांचा पाणउतारा करतेस, त्यांच्या मनावर काय परिणाम होत असेल? तू माझ्याकडं बघून नुसती हसलीस. मला वाटलं, या बाईला काही सांगण्यात अर्थ नाही.

मग शाळेनं मला विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य आणि ऑनलाइन सुरक्षा यांच्या समितीची प्रमुख केलं. समितीत सदस्य मी एकटी. प्रयोगशाळेशेजारची जुनी खोली रिकामी करून दिली, दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावली, आत दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. व्हरांड्यात तक्रारपेटी आली. नाव न लिहिता कुणीही चिठ्ठी टाकावी, सगळं गुप्त राहील, असं मी प्रार्थनेत जाहीर केलं. पेटी लावणाऱ्यानं ती बरोब्बर सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्याखाली ठोकली होती. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. पेटीत महिनाभर बिस्किटांची रिकामी पाकिटं पडत राहिली, आणि तू रोज मधल्या सुट्टीत विचारायचीस, "सुमन, आज कोणतं बिस्कीट?"

त्या समितीचं मी एक व्याख्यानही दिलं. अनोळखी माणसाची रिक्वेस्ट घेऊ नका, पासवर्ड कुणाला सांगू नका, काही घडलं तर लगेच घरच्यांना सांगा. पडद्यावर कुलपाचं मोठं चित्र होतं. तू मागच्या भिंतीला टेकून ऐकत होतीस. परत जाताना स्कूटरवर मागून म्हणालीस, "व्याख्यान छान झालं. पण यांच्या घरात एक फोन आणि पाच माणसं. शाळेतून आली की पोरगी त्याच्यावर अभ्यास करते, संध्याकाळी बाप लूमच्या खात्यावरून आला की त्याच्यावर क्रिकेट बघतो, मधे भाऊ गेम खेळतो. पासवर्ड लपवायचा कुणापासून? आणि घरच्यांना सांगायचं म्हणजे काय, फोन तर घरच्यांच्याच हातात." मी चिडले. म्हटलं, मग तू सांग काय करायचं ते. तू म्हणालीस, "पुढं बघ, बस आली."

तू स्कूटर कधी शिकली नाहीस. अख्ख्या शाळेला पळवणारी बाई, आणि हँडल धरायला घाबरायचीस. म्हणून रोज उधन्यापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून उधन्यापर्यंत माझ्या मागं बसायचीस आणि माझ्या कानात भांडायचीस. महत्त्वाचं असं जे काही तू मला सांगितलंस, ते सगळं तिथंच. मला तुझा चेहरा दिसायचा नाही आणि तुला माझा. आता मी एकटीच जाते, आणि खड्ड्यात मागचं चाक नको तितकं उडतं.

रिबनीची खरी गोष्टही तू तिथंच सांगितलीस, पुलावर गाड्या अडकून पडल्या होत्या तेव्हा. एकदा पट्टा न घातलेल्या एका मुलाला तू नेहमीसारखी ओरडलीस आणि मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्यास. तो पळताना रडायला लागला, तशी तूही त्याच्या बाजूनं चालू लागलीस. पहिल्या फेरीत तो काही बोलला नाही. दुसऱ्या फेरीत म्हणाला, पट्टा पप्पांकडे आहे, काल त्या पट्ट्यानंच मारलं. नंतरच्या आठवड्यात आणखी एक जण बिनपट्ट्याचा आला. त्याचा पट्टा दप्तरात होता, तुला वरूनच दिसला. तू तरीही ओरडलीस, आणि तोही चालताना बोलला. तू काही ठरवलं नव्हतंस. मुलांनीच ते ठरवलं आणि एकमेकांत पसरवलं: रजनी मॅडमशी बोलायचं असेल तर गणवेशात एक खोट ठेवून या. त्या सगळ्यांदेखत रागावतील, शिक्षा करतील, आणि कुणाला संशय येणार नाही.

"तुझ्या त्या खोलीत पोरगी शिरली की शाळा सुटायच्या आत अख्ख्या बमरोलीच्या वस्तीत बातमी, हिचं काहीतरी वाकडं झालंय," तू म्हणालीस. "माझ्याकडून शिव्या खाल्ल्या तर कोण विचारतंय? त्या तर सगळेच खातात. आणि समोर बसवलं ना, की पोरं आपलं तोंड वाचतात. आपल्याला काय आवडेल ते बोलतात. बाजूनं चालायचं, पुढं बघायचं. मग खरं येतं."

मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि मी गाडी पुढं घ्यायची विसरले होते. एवढी वर्षं ज्या ओरडण्याबद्दल मी तुला सुनावत होते, ते ओरडणं म्हणजे तुझ्या खोलीचं दार होतं. मी हे तोंडानं कबूल केलं नाही, उलट वाद घातला. म्हटलं, हे असं लपूनछपून का? मदत मागण्यात लाज नाही, हे मुलांना कळायला नको का? आणि हे सगळं तुझ्या एकटीवर चाललंय. तू नसशील तेव्हा काय?

"मी कुठं जाते?" तू म्हणालीस. "फार तर बारडोलीला भावाकडे. शनिवारी जाते, सोमवारी येते."

या वेळी सोमवारी आली नाहीस.

आपलं शेवटचं भांडण सुट्टीच्या आदल्या दिवशीचं. तू त्या दिवशी स्कूटरवर बसतानाच माझा खांदा घट्ट धरलास, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी मोठं आहे. मग म्हणालीस, दहावीतली एक मुलगी आहे. कुणीतरी तिचा प्रोफाइलचा फोटो उचललाय, तोंड तिचं ठेवून बाकीचं भलतंच जोडलंय, आणि आता धमक्या देतोय: आणखी फोटो पाठव, नाहीतर हा तुझ्या बापाला पाठवतो. मी विचारलं, घरी सांगितलं? तू म्हणालीस, नाही, आणि मी तिला वचन दिलंय की घरी कळू देणार नाही. मी म्हटलं, तू वेडी आहेस का? ही काय पट्ट्याची गोष्ट आहे? आईबापाला आजच्या आज सांगायला पाहिजे, तक्रार करायला पाहिजे. तू म्हणालीस, बाप तिला धरणगावला मामाकडे पाठवेल, दहावीची परीक्षा संपली, शिक्षण संपलं, वर्षभरात लग्न. दिवाळीनंतर बघू, तोवर त्याला काही उत्तर द्यायचं नाही आणि काही पुसून टाकायचं नाही असं मी तिला सांगितलंय. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत तो थांबणार आहे का? तू उधन्याच्या कोपऱ्यावर उतरलीस आणि मागं न बघता निघून गेलीस.

पाडव्याला तुझा मेसेज आला. "चकल्या जमल्या का? भांडण बाकी आहे." मी अंगठा पाठवला. खरं तर चकल्या जमल्या नव्हत्या. घरात खाणारं कुणी नाही, यांना तळलेलं चालत नाही, मुलगा बंगळुरूला, म्हणून पीठच अंदाजानं भिजवलं होतं. हे सगळं समोरासमोर सांगू म्हणून लिहिलं नाही. त्यानंतर तुझ्या भावाचा फोन आला.

मुलीचं नाव तू सांगितलं नव्हतंस.

रजनी, तू गेलीस त्याचं दुःख मी करणार होते, सगळे करतात तसं. पण बारडोलीहून परत येताना माझ्या डोक्यात तू नव्हतीस, ती मुलगी होती. हे कुणावर गुदरलंय ते जगात दोघींनाच माहीत होतं, त्यातली एक म्हणजे तू, तुला आम्ही उसाच्या शेतांच्या त्या रस्त्यावरून पोचवून आलो. आणि दुसरी दहावीच्या दोन तुकड्यांमधली कोणतीही असू शकत होती.

शाळा उघडली. पहिल्या दिवशी तुझ्या बातमीनं मुलं सुन्न होती. दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. एका रिबनीच्या मुली, बिनपट्ट्याची मुलं, एकाच पायात मोजा. मी प्रार्थनेच्या वेळी पायऱ्यांवर उभी राहून रांगा बघत होते. मुख्याध्यापक त्याला बेशिस्त म्हणत होते. मला दिसत होतं की एवढ्या सगळ्या मुलांना काहीतरी बोलायचंय, आणि ती तुझ्या ओरडण्याची वाट बघत उभी आहेत. तू नाहीस हे त्यांना ठाऊक होतं, तरी उभी होती. तुझ्या जागी करारावर एक तरुण सर आलेत. फार गोड मुलगा. एका मुलीच्या वेणीकडे बघून म्हणाला, "असू दे बेटा, उद्या बांधून ये हां." मुलीचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आपण किती छान वागलो.

मी माझ्या पद्धतीनं प्रयत्न केले. एकेकीला बाजूला घेतलं, हळू आवाजात विचारलं, काय झालं गं? "काही नाही मॅडम." खोलीत बोलावलं. समोरच्या खुर्चीत बसून त्या माझ्या मागच्या पोस्टरवरचं कुलूप बघत राहिल्या. "घाईत राहिली मॅडम रिबन, सॉरी." जाताना दाराबाहेर आधी डोकं काढून कुणी बघतंय का ते बघायच्या. तू असतीस तर हसून मेली असतीस. बघ, काय लिहून बसले.

शेवटी एका सकाळी मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. नववीतल्या एका मुलीकडं बोट दाखवून मोठ्यानं म्हटलं, "ए, रिबन कुठंय? शाळा आहे का बाजार? दोन फेऱ्या!" आवाज मधेच फाटला. रांगेत हशा पिकला. ऑफिसातले आपले जयंतीभाई दारात येऊन म्हणाले, "सुमनबेन, तमे? तमे तो कोई दिवस बूम पाडतां नथी!" मी कधी ओरडत नाही, याचंच त्यांना नवल. पण त्या मुलीनं माझ्याकडे असं बघितलं की मला पुढचं सुचलं, आणि मी चपला घालून, साडी सावरत, तिच्या बाजूनं चालायला लागले.

मैदान केवढं मोठं आहे गं. तू रोज किती चालायचीस ते मला कळलं. त्या मुलीला एवढंच बोलायचं होतं की तिच्या मैत्रिणी तिला ग्रुपमधून काढून दुसऱ्या ग्रुपमध्ये तिची टिंगल करतात. मग एक मुलगा. मग आणखी एक. मुलांमध्ये बातमी पसरली असावी, कारण माझं ओरडणं ऐकून हसणं बंद झालं. मी पुढं बघून चालायचे आणि मनात एकच विचार, ही ती आहे का? ही ती आहे का?

ती सगळ्यात उशिरा आली. दोन्ही वेण्यांना रिबन नव्हती. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, तुला माहीत आहे. पहिली फेरी तशीच संपली. मला एवढंच सुचलं की तू काय म्हणायचीस ते आठवावं, आणि माझ्या तोंडून तुझी अहिराणी बाहेर पडली, वाकडीतिकडी, नाशिकच्या वळणाची. "काय व्हयनं वं? सांग. मी शे ना."

ती जागच्या जागी थांबली, मग पुन्हा चालू लागली. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला बोलता नाही येत तसं." आणि मग सगळं सांगितलं. तिनं ब्लॉक केलं तर तो दुसऱ्या आयडीवरून आला. तू सांगितलंस म्हणून तिनं उत्तर दिलं नाही, काही पुसलं नाही. आणि मग दिवाळीच्या तोंडावर घरचा फोन पाण्यात पडला. आईच्या हातून पडला. वाळावा म्हणून आईनं तांदळाच्या डब्यात ठेवला, तो अजून तिथंच आहे. "आता तो काय करतोय मला समजतच नाही, मॅडम. पाठवला असेल का? सगळ्यांकडे गेला असेल का? मी किराणा आणायला जाते तर दुकानवाले अंकल माझ्याकडे बघतात. पहिले पण बघायचे का, मला आठवत नाही." रात्रीची झोप गेली होती तिची. म्हणाली, परीक्षा देत नाही, मीच पप्पांना सांगते की मला मामाकडे पाठवा.

मी विचारलं, आईशी मी बोलू? ती म्हणाली, नाही, रजनी मॅडमनी प्रॉमिस केलं होतं. मी म्हटलं, ते वचन मी देत नाही. मला ते बरोबर वाटत नाही, तेव्हाही वाटत नव्हतं. पण तू हो म्हणेपर्यंत मी तुझ्या घराची पायरी चढणार नाही, हे माझं वचन. मात्र तो पुन्हा धमकावतोय असं कळलं तर मी थांबणार नाही, तेही आत्ताच सांगून ठेवते. ती चालत राहिली. पुढचे काही दिवस रोज आमच्या फेऱ्या चालल्या. मुख्याध्यापक मला म्हणाले, या मुलीच्या मागं फारच लागलात तुम्ही, रिबन दान करा तिला एक. मी हसले. मग एका दिवशी ती म्हणाली, "तुम्ही बोला. मी बाहेर उभी राहते."

बमरोलीच्या त्यांच्या चाळीत मी पहिल्यांदा गेले. एक खोली, अर्ध्या खोलीत साड्यांचा ढीग, आई मांडी घालून साडीच्या काठावर खडे चिकटवत होती. मुलगी गॅलरीत कठड्याला धरून उभी राहिली. मी घरून वाक्यं ठरवून आले होते. घाबरू नका, यात मुलीची काही चूक नाही, अशी. पहिलंच वाक्य निम्मं झालं असेल, आईनं हातातला खडा खाली ठेवला आणि दाराकडे बघून आवाज एकदम खाली आणला.

"माले माहीत शे, मॅडम."

मला कळेना. ती म्हणाली, दिवाळीच्या आधी फोटो तिनंच बघितला. व्हॉट्सॲपवर आला होता, नवऱ्याच्या नावानं. नवरा अंघोळीला गेला होता. "तोंड मन्ही पोरनं, बाकी दुसरीनं. माय शे मी, माले कळत नई का?" तिनं तो पुसला. पण उद्या पुन्हा आला तर? नवऱ्याच्या हातात असताना आला तर? म्हणून तिनं फोन पाण्यात पडल्याचं सांगितलं आणि तांदळात पुरला. फोनला पाण्याचा थेंबही लागला नव्हता. "तिना बाप रोज इचारस, सुकना का? मी सांगस, अजून नई." एवढे दिवस. वरचे तांदूळ काढून भात लावायची आणि डबा पुन्हा फडताळात सरकवायची. आणि मुलीला का नाही सांगितलं? "तिले समजी जाई का मायनी देखं, त लाज वाटी तिले. दहावीनं वरीस शे."

रजनी, त्या क्षणी मला तू हवी होतीस. तू म्हणत होतीस घरी कळू द्यायचं नाही, मी म्हणत होते घरी सांगायलाच हवं, त्यावरून आपण महामार्गावर एकमेकींचे कान खाल्ले. आणि घराला केव्हाच कळलं होतं. एका खोलीत मायलेकी पाठीला पाठ लावून झोपत होत्या, एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या, आणि आईनं मुलीला वाचवायला म्हणून जे केलं त्यानंच मुलीची झोप उडाली होती. मी दाराकडे गेले आणि मुलीला आत बोलावलं. आई उठली. फडताळातून डबा काढला, तांदळात हात घातला आणि फोन तिच्या हातात दिला. मग दोघी रडल्या. मी साड्यांच्या ढिगाकडे बघत उभी राहिले, कारण जायला दुसरी जागाच नव्हती.

पुढचं तुला ऐकायचं असेल म्हणून सांगते. फोनच्या चार्जिंगच्या भोकात तांदळाचा कण अडकला होता, तो सुईनं काढावा लागला. तिच्या अकाउंटवर सगळ्या धमक्या होत्या तशाच होत्या, तू पुसू दिल्या नव्हत्यास म्हणून. मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते ऐकून बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले आणि स्वतः आमच्याबरोबर पोलीस ठाण्यात आले. तक्रार नोंदवून घेणारी बाई तरुण होती, तिनं मुलीला एकदाही 'तू फोटो टाकलासच का' असं विचारलं नाही. ती अकाउंटं बंद झाली. माणूस कोण ते अजून कळलेलं नाही. बापाला आईनंच सांगितलं, मी नको म्हणून मला बाहेर बसवलं. तो ऐकून पहिल्यांदा म्हणाला, "मंग फोन चांगला व्हता?" नंतर भिंतीकडं तोंड करून बसला, आणि त्या दिवशी खात्यावर गेला नाही. मुलगी सुरतेतच आहे. परीक्षेला बसणार आहे.

मला वाटलं, संपलं. भांडणाचा निकाल दोघींच्या विरुद्ध लागला, आता निदान तुझ्यासाठी नीट रडता येईल.

आणि काल ती पुन्हा बिनरिबनीची आली.

मी ओरडले. आता ओरडणं बरं जमतं. पहिल्या फेरीत विचारलं, पुन्हा कुणी त्रास देतंय का? तिनं मान हलवली. घरी काही? नाही. दुसरी फेरी निम्मी झाल्यावर, पुढं बघूनच ती म्हणाली, "मॅडम, मी सुट्टीच्या आधी रजनी मॅडमना सांगितलं. त्यांना टेन्शन आलं का? म्हणून त्यांचं हार्ट...?"

मग म्हणाली, "म्हणून मी मम्मीला नव्हती सांगत. मला वाटलं मम्मीला पण होईल."

रजनी, एवढे दिवस ती हे घेऊन फिरत होती. फोटो नाही, बाप नाही, तो धमक्या देणारा नाही. आपण सांगितलं की ऐकणारं माणूस मरतं, असं त्या पोरीला वाटत होतं. मी तुझा नियम मोडला, थांबले, आणि तिला माझ्याकडे वळवलं. तिला खरं तेच सांगितलं, जे तुझ्या भावानं मला बाराव्याला सांगितलं होतं. की तुला वर्षभरापासून हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टरनं उन्हात पळू नका, विश्रांती घ्या म्हटलं होतं. तू शाळेत कुणाला सांगितलं नाहीस. मला नाही सांगितलंस, रोज माझ्या पाठीला टेकून बसायचीस तरी. तिला म्हटलं, तुझ्या सांगण्यानं काही झालं नाही, बाळा. त्यांनी त्यांचं दुखणं कुणाला सांगितलं नाही, म्हणून झालं असेल तर झालं. सांगितलं असतं तर आम्ही त्यांना एवढं चालू दिलं नसतं.

तिनं ते नीट ऐकून घेतलं. हिशोब जमतोय का ते बघावं तशी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, ते मला दिसलं. मग तिनं मला विचारलं, अगदी साधेपणानं, "मॅडम, मग तुम्ही कुणाला सांगता?"

पहिल्या तासाची घंटा झाली आणि ती वर्गाकडे पळाली. मी मैदानात तशीच उभी राहिले. मला तुझा फार राग आलाय, रजनी. सगळ्यांचं ऐकलंस आणि तुझं तेवढं मला ऐकू दिलं नाहीस. आणि आता तिला काय सांगू ते विचारायलाही तूच हवी आहेस.